पातेल्यासारखी बंदूक

२०१६ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या नावावर बंदूक नव्हती. पहिल्याच ओळीत हे लिहितो, कारण त्या बाईने पहिल्याच भेटीत मला हेच विचारलं होतं.

अमेरिकेतल्या कॅरी गावात एका भारतीय किराणा दुकानात मी तेव्हा माल लावायचं काम करत होतो. मुलगा म्हणायचा, बाबा, तुम्हाला काय गरज आहे? गरज नव्हती. पण सकाळी उठल्यावर कुठेतरी वेळेवर पोचायचं असलं की माणूस माणसात राहतो. शिवाय मुलाच्या पैशाने चहा पिणं वेगळं आणि हौस करणं वेगळं.

तर ती दुकानात आली. सत्तरीची बाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कपाळावर बारीक कुंकू, आणि ऐन जूनमध्ये डोक्याला कान झाकणारी पुरुषी टोपी.

"तिरफळ आहे का जी?"

तिरफळ मागणारं माणूस मला तीन वर्षांत भेटलं नव्हतं. मी विचारलं, "कशाला पाहिजे?"

"होल्याच्या रश्शाले."

"तिरफळ माशाला घालतात. पाखराला नाही."

"घालून खाल्लं का तुम्ही कधी?"

"नाही."

"मग काऊन बोलून राहिले?"

मी आजही म्हणतो, तिरफळ माशालाच. पण तेव्हा मला दुसरंच काहीतरी कळायचं होतं. होला म्हणजे कबुतराचा लहान भाऊ. तो इथे कुठल्या दुकानात मिळतो, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दुकानात कशाले? मारते मी. बंदुकीनं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडलांकडे बंदूक होती."

"वडलांकडे होती," ती म्हणाली. "तुमच्याकडे?"

मी तिला तिरफळाची पुडी दिली आणि मागच्या खोलीत जाऊन पोती रचत बसलो.

*

तिला सगळे मावशी म्हणायचे. ती गोंदियाकडची, तिचा बाप जंगलखात्यात गार्ड. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वी इथे आली, एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून शेवटी तिथली मोठी मशिनं चालवायला लागली. नवऱ्याने गावाबाहेर पाच एकर घेतले होते. तो गेल्यावर मुलीने उत्तरेकडे, नेपरव्हिलला बोलावलं, तर हिने सांगितलं, तिकडे बर्फ आहे आणि होले नाहीत. मला मावशी म्हणवेना. ती माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी. मी नुसतं बाई म्हणायचो. ती मला कोकणी म्हणायची.

तिच्याकडे काडतुसं फराळाच्या डब्यांत असत. स्टीलचे तीन डबे, वर चिकटपट्टीवर मराठीत लिहिलेलं: मोहरी, साबुदाणा, लाडू. मोहरी म्हणजे बारीक छर्रे, होल्याला. साबुदाणा सशाला आणि खारीला. लाडू म्हणजे अख्खी एकच गोळी, हरणाला. छर्ऱ्यांच्या मापांची इंग्रजी आकड्यांतली भानगड तिला तोंडपाठ होती. पण ती म्हणे, "आकडे दुकानदारासाठी. हाताले मोहरी कळते."

बाहेरून आली की बंदूक उघडून रिकामी करायची आणि उघडीच नवऱ्याच्या फोटोसमोर धरायची. "पाहून घ्या. रिकामी आहे." त्याला म्हणे जन्मभर या गोष्टीची धास्ती होती. रोज विचारून खात्री करून घ्यायची त्याची सवय ती त्याच्यामागेही चालवत होती. घरात पाहुणे असले तरी आधी फोटो, मग पाहुणे.

मराठी मंडळाच्या पिकनिकला ती मोठं पातेलं घेऊन यायची. एकदा पुण्याचा एक पोरगा दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, "मावशी, चिकन एकदम ऑसम झालंय यार."

"चिकन नाही रे. ससा."

पोरगा बशी धरून उभाच राहिला. खातही नव्हता, टाकतही नव्हता.

मावशी म्हणाली, "कान हलवले तर सांग."

*

आता माझ्या वडलांच्या बंदुकीबद्दल लिहायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती. दारू भरायची, गजाने ठासायची, मग बार. डुकरांपासून भात राखायला सरकार तिचा परवाना देई. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निवडणूक झाली की पावती दाखवून परत आणायच्या. एका वर्षी बाबांनी बंदूक जमा केली आणि निकाल लागायच्या आत ते गेले. मागाहून ठाण्यातून कागद आला.

मी चौथी शिकलो. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि घरी गुरं होती. त्या कागदावरची अक्षरं मला लागली, अर्थ लागला नाही. सरकारी मराठी ती, एक वाक्य कागदभर. गावात मास्तर होते. जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण ज्या मास्तरांनी बाबांना भर रस्त्यात सांगितलं होतं, तुमचा मुलगा हुशार आहे, शाळा सोडवू नका, त्यांच्यापुढे तो कागद मला धरवेना. मी तो ट्रंकेत ठेवला. वारसाने अमुक दिवसांत परवाना नावावर करून घ्यावा, असं त्यात होतं. ते मला कळलं तोवर बंदूक सरकारजमा झाली होती.

आईला मी सांगितलं, सरकारने सगळ्यांच्याच काढून घेतल्या. शेजारच्या घरात बंदूक टांगलेली होती. आई ती रोज बघायची. 

*

मला हवी होती दुनळी. आमच्या गावात खोताकडे होती, बारा बोअरची, कडेला नक्षी. पगारातले पैसे मी पाकिटात साठवत होतो. चारशे डॉलर झाल्यावर बाईला सांगितलं.

ती म्हणाली, "चारशात दुनळी येते. दुसऱ्या बारानंतर तिचा दस्ता हातात राहते आणि नळ्या पुढे जातात."

"मग काय घेऊ?"

"पहिली बंदूक पातेल्यासारखी घ्यायची जी. त्यात दूध तापलं पाहिजे, वरण शिजलं पाहिजे, पाहुणे आले तर भात झाला पाहिजे. नक्षीचं भांडं दुसरं. ते ज्याच्याकडे पातेलं आहे त्यानं घ्यायचं."

तिने सांगितलं, पंपाची बघू. म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढून पुढे लोटली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. यंत्र साधं, बिघडलं तर कळतं. जुनी बघू, कारण नवी घेऊन पैसे संपले तर ती भिंतीवरची खुंटी. पाकिटातल्या पैशांचा तिसरा हिस्सा काडतुसांना ठेवायचा. मी म्हटलं, बोअर बाराच. ती माझ्या उजव्या खांद्याकडे बघत राहिली, पोती उचलून तो धरलेला असतो. वीस बोअरची हलकी, धक्का कमी, असं तिच्या मनात असावं. मग म्हणाली, "बाराच घ्या. मोहरीपासून लाडवापर्यंत सगळं बाराले कुठेही मिळते, आणि स्वस्त. खांद्याले आपण शिकवू."

खांद्याला शिकवायचं म्हणजे झाडू. डोळे मिटून झाडू बंदुकीसारखा खांद्याला लावायचा, गाल दांड्यावर टेकवायचा, डोळे उघडायचे. नजर दांड्यावरून सरळ गेली पाहिजे. रोज पन्नास वेळा. मी गराजमध्ये करायचो. सुनेने एकदा बघितलं आणि मुलाला जाऊन सांगितलं. तो येऊन म्हणाला, "बाबा, आर यू ओके?"

"झाडू बघतोय. वाकडा आलाय."

बंदुकीचं मी घरी बोललो होतो. सून म्हणाली होती, "घेणार म्हणता, पण बाबा, ठेवणार कुठे?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं.

रविवारी मी बाईच्या जमिनीवर जायचो. ती हाताने मातीच्या चकत्या उडवायची आणि मी तिच्या बंदुकीने मारायचो. पहिल्या दिवशी पंचवीसातल्या तीन लागल्या. तिने हिशेब मोठ्याने केला नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. सप्टेंबरात होल्याचा मोसम उघडला की मक्याच्या कापलेल्या शेतात ती उलटी बादली टाकून बसायची. माझ्याकडे शिकारीचं लायसन नव्हतं, मी पाखरं वेचायला. दोन तास ती एक शब्द बोलायची नाही. मग थर्मास उघडायची. पेला एकच आणलेला. ती थर्मासच्या झाकणातून प्यायची, मी पेल्यातून. बार उडाल्याचा, जळक्या दारूचा वास हवेत असायचा, तोच तो, बाबा रानातून आल्यावर त्यांच्या बंडीला असायचा तो. मी अमेरिकेत आहे हे मला त्या वासात आठवायचं नाही.

*

मग बाई मला जुन्या बंदुकांच्या एका दुकानात घेऊन गेली. दुकानदार गोरा म्हातारा होता, बाईला ओळखणारा. त्याने तीन बंदुका काउंटरवर ठेवल्या. बाईने प्रत्येकीची नळी उजेडाकडे धरून डोळा लावला. एक लगेच बाजूला सारली.

मी म्हटलं, "ती तर सगळ्यांत चकचकीत."

"लाकडावर ओरखडा म्हणजे मालकानं वापरली. नळीत गंज म्हणजे मालकानं टाकून दिली. चकचकीत तर मेकअप."

उरलेल्या दोनांतली एक बारा बोअरची पंपाची. दस्त्यावर लांबलचक चरा. बरोबर नळीच्या तोंडाला बसवायचे तीन पेच, ज्यांना ती टोप्या म्हणायची. घट्ट टोपी लावली की छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात, सैल लावली की जवळच पसरतात. "एक बंदूक, तीन टोप्या. झालं तुमचं पातेलं."

मी डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळे उघडले. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा तो मणी, बरोबर माझ्या नजरेच्या मध्यावर बसली होती. मी काही हलवलं नव्हतं. ती माझी वाट बघत तिथेच बसल्यासारखी. बाबांच्या बंदुकीनंतर हे पहिल्यांदा.

"ही," मी म्हटलं.

बाईने चरा दाखवून किंमत आणखी उतरवली. पैसे उरत होते. मग दुकानदाराने हसून माझ्यापुढे एक फॉर्म आणि पेन सरकवलं.

सरकारी फॉर्म, पानंच्या पानं. बारीक इंग्रजी. चौकोनच चौकोन. घेणाऱ्याने स्वतः भरायचा, आणि खोटं लिहिलं तर गुन्हा. मला इंग्रजीत सही येते. ग्रीन कार्डाच्या वेळी मुलाने शिकवली होती, चित्रासारखी. दुकानातला माल मी पिशवीच्या रंगावरून लावतो. पेन मी हातात घेतलं. दुकानदार बघत होता. बाई बघत नव्हती, मुद्दाम.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "दस्ता लांब आहे. नको मला."

बाहेर येऊन तिच्या ट्रकमध्ये बसलो. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा गाडी चालू न करता म्हणाली, "दस्ता लांब नाही."

मी पट्टा ओढून लावला.

"वाचता येत नसलं तर दुसऱ्यानं भरला तरी चालते. आत्ता विचारलं मी त्याले. तुम्ही उत्तरं सांगायची, सही तुमची, आणि दोन साक्षीदार पाहिजेत. दुकानवाला चालत नाही. एक मी. दुसरा तुमचा मुलगा."

"मुलाला यात आणायचं नाही."

"त्याले माहीत नाही?"

"त्याला माहीत आहे की बाप चौथी शिकलाय. बापाला दुकानात उभं राहून वाचून दाखवावं लागतं हे त्याने बघायची गरज नाही."

"मंडळातल्या कोणाले आणते."

"मग गावभर."

तिने चावी फिरवली. माझ्या घरापाशी उतरवताना एवढंच म्हणाली, "कोकणी, माणसाले वाचता न येणं हे काही नाही. विचारता न येणं वाईट."

मास्तरांचं घर माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिला ती गोष्ट मी कधीच सांगितली नव्हती.

*

पुढे दोन वर्षं आम्ही रविवारी चकत्या मारल्या, तिच्याच बंदुकीने. फॉर्मचं नाव ना तिने काढलं, ना मी. ती चरा पडलेली बंदूक विकली गेली. ते तिनेच सांगितलं, भाजी निवडत, भाजीकडे बघत.

मग तिचे गुडघे गेले आणि मुलगी येऊन तिला नेपरव्हिलला घेऊन जाणार असं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ती स्वतः ट्रक चालवत आली. आत बंदूक होती.

"ही ठेवा तुम्ही. मुलीच्या घरी चालत नाही."

"भेट म्हणून मिळालेली बंदूक नको. मला माझी घ्यायची आहे."

"घेत तर नाही."

"घेईन."

ती ट्रककडे वळली. मग बंदूक तशीच ठेवून आतून एक डबा काढला. मोहरीचा. भरलेला.

"हा तर घेसाल? शेजारधर्म आहे."

डबा नाकारता येत नाही. आमच्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही. आणि भरून आलेला डबा रिकामा परत करता येत नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती म्हणाली, "होल्याचा रस्सा भरून पाठवा. तुम्ही मारलेल्या. तिरफळ घालून."

"तिरफळ घालणार नाही."

"नका घालू. पण डबा पाठवा."

तिची बंदूक तिने त्याच दुकानदाराला विकली. मी निरोप द्यायला विमानतळावर गेलो नाही. मला काम होतं.

नेपरव्हिलहून तिचा दर रविवारी फोन यायचा, चकत्यांच्या वेळेला. हॅलो नाही, कसे आहात नाही.

"घेतली का?"

"नाही."

"बरं."

आणि ठेवायची. मी तिच्या फोनची वाट बघायचो असं मी म्हणणार नाही. रविवारी मी फोन सकाळपासून चार्जिंगला लावून ठेवायचो. एकदा मी विचारलं, "तिकडे काय करता?" ती म्हणाली, "खिडकीत बसून बर्फावरच्या खारी मोजते. सत्तावीस सोडल्या आतापर्यंत." आणि थोडं थांबून, "गराजमध्ये झाडू चालू आहे ना?"

"आहे."

"बरं."

माझं वय वाढत गेलं, चष्मा जाड झाला. डबा गराजमध्ये फळीवर होता. सुनेने एकदा साफसफाईत तो हलवला तर मी जागेवर परत ठेवला. मोहरी लिहिलेली चिकटपट्टी सुटायला लागली होती. ती मी नवी लावली नाही, जुनीच दाबून बसवली.

मागच्या जानेवारीत दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी फोन आला तो मुलाच्या फोनवर, तिच्या मुलीचा. मुलगा स्वयंपाकघरात उभा राहून इंग्रजीत बोलत होता. मला शब्द कळले नाहीत, पण त्याचा आवाज हळू झाला ते कळलं. त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, "बाबा, मावशी गेल्या. झोपेतच."

मी म्हटलं, "बरं."

गराजमध्ये गेलो. झाडू घेतला. डोळे मिटले, खांद्याला लावला, उघडले. नजर दांड्यावरून सरळ गेली, पुढे गराजचं दार. फोटोपुढे बंदूक उघडून धरणारं माणूसच आता उरलं नाही, आणि मी तो डबा कुणाला परत करणार, हे त्या दाराकडे बघताना मला एकदमच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा ऑफिसला निघत होता, सून डबे भरत होती. मी ग्रीन कार्ड, गाडीचं लायसन आणि पैशांचं पाकीट टेबलावर ठेवलं. म्हटलं, "आज अर्धा दिवस सुट्टी घे. बंदुकीच्या दुकानात जायचंय. मला इंग्रजी वाचता येत नाही. फॉर्म तू वाचायचास, मी सांगेन ते लिहायचंस. दोन साक्षीदार लागतात."

मुलाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

सून म्हणाली, "दुसरी मी येते. पण कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे."

"चालेल," मी म्हटलं.

दुकानात तोच म्हातारा होता, आता काठी घेऊन. त्याने फॉर्म पुढे सरकवला. मुलाने पेन घेतलं आणि पहिली ओळ मराठीत सांगितली, "पूर्ण नाव विचारलंय बाबा. आधी आडनाव, मग तुमचं, मग मधलं."

मी आडनाव सांगितलं. माझं नाव सांगितलं. मग मधल्या रकान्यासाठी वडलांचं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर नीट, म्हणजे चुकीचं लिहिलं जायला नको.